न वसुलायचे येणे

इ.स. ११४१ मधील एक रात्र. जपानच्या मिमासाका प्रांतात उरुमा तोकिकुनी या स्थानिक अधिकाऱ्याच्या वाड्यावर सशस्त्र हल्ला झाला. परंपरेने जपलेली कथा अशी, की मरणासन्न पित्याने जेमतेम ९ वर्षांच्या आपल्या एकुलत्या एका पुत्राला जवळ बोलाविले आणि सूड घेण्यास निक्षून मनाई केली. आज तू मारशील, उद्या त्यांची मुले तुला मारतील, या वैराला अंत नाही. त्यापेक्षा संन्यास घे आणि मुक्तीचा मार्ग शोध, असा त्याच्या अखेरच्या शब्दांचा आशय होता.

हाच बालक पुढे आचार्य होनेन म्हणून ओळखला गेला. क्योटोजवळील हिएई पर्वत हे तेंदाई बौद्ध पंथाचे मोठे विद्यापीठच होते. तेथे त्याने सुमारे तीस वर्षे अध्ययन केले. समग्र धर्मग्रंथ त्याने पाच वेळा वाचले, असे परंपरा सांगते. विद्वत्तेची कीर्ती पसरली, परंतु मनाला स्वस्थता नव्हती. ध्यान, व्रते आणि शास्त्राभ्यास ज्यांच्या आवाक्यात नाहीत, त्या सामान्य जनांनी तरावे कसे, हा प्रश्न त्याला सोडीत नव्हता.

उत्तर मिळाले ते सातव्या शतकातील चिनी आचार्य शान्दाओ यांच्या भाष्यात. अमिताभ बुद्धाचे नामस्मरण, ‘नामु अमिदा बुत्सु’, एवढे पुरेसे आहे. यातील ‘नामु’ म्हणजे आपल्या ओळखीचे ‘नमः’. इ.स. ११७५ मध्ये होनेनने पर्वत सोडला व क्योटोच्या पूर्वेस योशिमिझु येथे तो लोकांना उपदेश करू लागला. हेच जोदो पंथाचे स्थापनावर्ष मानले जाते.

इ.स. ११९८ मध्ये त्याने ‘सेन्चाकुशू’ हा ग्रंथ रचला. मूर्ती आणि स्तूप उभारणे ही मुक्तीची अट असती, तर निर्धनांना आशाच उरली नसती, आणि जगात धनवान थोडे व निर्धन फार, हा त्यातील युक्तिवाद. विशेष म्हणजे ग्रंथाची विनंती करणारा कुजो कानेझाने हा स्वतः राज्याचा प्रमुख कारभारी राहिलेला बडा सरदार होता.

जुन्या मठांना हे रुचले नाही. त्यांच्या तक्रारी वाढत गेल्या. इ.स. १२०७ मध्ये नामजपाच्या या प्रचारावर बंदी आली, काही शिष्यांना देहदंड झाला आणि पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरील होनेनला शिकोकू बेटाकडे हद्दपार करण्यात आले. दूरच्या खेड्यांतील लोकांना उपदेश करण्याची संधीच मिळाली, असे मानून तो निघाला, असे चरित्रकार सांगतात. इ.स. १२११ मध्ये तो क्योटोस परतला व पुढल्याच वर्षी निवर्तला. त्याच्या निवासस्थानी आज चिओन-इन हे भव्य मंदिर उभे आहे.

पित्याचे देणे फेडणे हे पुत्राचे कर्तव्य, हे व्यापारी घराण्यांस सांगावयास नको. तोकिकुनीने मागे ठेविले ते मात्र येणे होते, आणि ते वसूल करू नये अशी आज्ञा होती. पुत्राने ती वार्धक्यातही मोडली नाही.