शटरमागचे अर्धे चित्र

बहुफलकी चित्राची किंमत काढताना फलक मोजायचे आणि प्रत्येकाला दर लावायचा, असा एक हिशेब सर्रास केला जातो. वारसांच्या वाटणीत तर तो फारच सोयीचा पडतो. उत्तर-आधुनिक चित्राच्या बाबतीत मात्र हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

घाटकोपरमध्ये 1959 साली जन्मलेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार अतुल दोडिया यांनी दुकानाचे लोखंडी शटर चित्रासाठी वापरले. बंद पुकारला किंवा दंगल उसळली की मुंबईत आधी खाली येते ते हेच शटर. ‘महालक्ष्मी’ (2002) या कृतीत शटरवर एनॅमल रंगात देवी आहे. शटर वर गेले की मागच्या फलकावर गळफास घेतलेल्या तीन तरुणी दिसतात. नुसते शटर विकले तर कॅलेंडरवरची देवी उरेल, नुसता मागचा फलक विकला तर वर्तमानपत्रातली बातमी. एक प्रतिमा गुंडाळली जाऊन दुसरी उघडी पडते, त्या क्षणात चित्राचा अर्थ आहे. म्हणून रूळ, स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्याही मूल्यांकनात धरायला हव्यात.

दुसरा युक्तिवाद असा की, शटर रस्त्यावरचे, झीज त्याला शोभतेच, गंजू द्यावे. हे साफ अमान्य आहे. चित्रकाराने ठेवलेला ओरखडा आणि नंतर चढलेला गंज यांत फरक आहे, आणि तो खरेदीच्या वेळी काढलेल्या फोटोंवरूनच सिद्ध होतो. मुंबईतल्या माहुलसारख्या ठिकाणी तर ही ढिलाई अजिबात परवडणार नाही. एकीकडे खाडीची खारी हवा, दुसरीकडे 1950च्या दशकापासूनचे तेलशुद्धीकरण कारखाने. गंधकाचे वायू ओलाव्यात आम्ल बनतात आणि टवका उडालेल्या जागेतून लोखंड खातात. इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्यालाच धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये म्हटले होते. माणसांचा प्रश्न अर्थातच आधीचा.

एकच औषध सगळ्या फलकांना चालते, हाही गैरसमज. चित्रकार नलिनी मलानी यांचे ‘स्प्लिटिंग द अदर’ (2007) चौदा फलकांचे आहे आणि रंग पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पत्र्याच्या मागच्या बाजूला आहे. तिथे गंजाची भीती नाही. पण स्पिरिटने पुसले तर पत्र्याला बारीक तडे जातात, कोरड्या फडक्याने घासले तर स्थिर विद्युत तयार होऊन सुटा रंग ओढला जातो. फलकांचा क्रम आणि त्यांच्यातले अंतरही लिहून ठेवावे लागते.

शटर कायमचे बंद ठेवण्याचा सल्ला सावध वाटतो, पण त्याने अर्धे चित्र नाहीसे होते. दर वेळी गुंडाळताना पट्टीवर पट्टी घासून रंग झिजतो, हे मात्र खरे. त्यामुळे ते मोजक्याच वेळा, हळू उघडावे. रुळाचे तेल रंगावर ओघळू देऊ नये. उघडल्याची तारीख, हवेतली आर्द्रता आणि नवा दिसलेला टवका एकाच वहीत नोंदवावा, आणि मूल्यांकन करणाऱ्याने ती वही आधी पाहावी.