स्लाइड टाकू नका, आणि सजवूही नका

नगरच्या सावेडीत सध्या जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी करण्याचं पेव फुटलं आहे. घर रिकामं करताना माळा खाली येतो. पितळेची घंगाळं, जुने दिवाळी अंक, बंद पडलेला रेडिओ, आणि एखाद्या घरात पुठ्ठ्याच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या चौकोनी चौकटींनी भरलेले डबे. पितळेला गिऱ्हाईक मिळतं, अंक रद्दीवाला नेतो. त्या चौकटींचं काय करायचं ते मात्र कुणाला कळत नाही. मग घरातला एखादा नातू त्यातली एक खिडकीच्या उजेडात धरतो, मोबाइलने तिचा फोटो काढतो, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, आणि डबा भंगारात जातो.

मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापक. वर्गात दाखवायला म्हणून नोकरीभर अशा चौकटी, म्हणजे स्लाइड, काढल्या. त्यामुळे प्रोफेसर कॉलनीपासून पाइपलाइन रोडपर्यंत ज्यांच्या माळ्यावर असा डबा निघतो, ते मला फोन करतात. ‘‘मॅडम, याचं काय करू?’’ माझं उत्तर ठरलेलं आहे. टाकू नका. आणि स्कॅन करून घेतल्यात तर त्यांना ‘सुधारू’ नका. पहिलं लोकांना पटतं. दुसऱ्यावर मात्र वाद होतो.

नेहमीच्या रंगीत रिळातून निगेटिव्ह मिळते. तिच्यावरून प्रिंट काढताना किती उजेड द्यायचा, कुठला रंग उचलायचा हे लॅबवाला ठरवतो. म्हणजे अल्बममधल्या फोटोत लॅबवाल्याचाही हात असतो. स्लाइडमध्ये हा मधला माणूस नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म होती तीच धुऊन, कापून, २ इंची चौकटीत बसवून तुमच्या हातात येते. २४ बाय ३६ मिलिमीटरचा तो तुकडा त्या दिवशी त्या जागी स्वतः हजर होता. कोर्टात अस्सल कागद आणि नक्कल यांत जो फरक करतात, तोच इथे आहे.

ही अस्सलता फुकट येत नसे. निगेटिव्ह एक-दोन स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चूक पोटात घालते. स्लाइड अर्ध्या स्टॉपवरही रुसते. शिवाय सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागातलं जेमतेम पाच स्टॉपचं अंतर ती सांभाळते. आपण ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतो, त्या सलाबतखानाच्या कबरीचा फोटो भर दुपारी काढून पाहा. आभाळ धरलं तर दगड काळाठिक्कर, दगड धरला तर आभाळ पांढरंफटक. नंतर दुरुस्तीची सोय नाही. म्हणून सकाळचं कोवळं ऊन गाठायचं, मीटर फोटोच्या विषयाजवळ नेऊन उजेड मोजायचा, उजळ भाग जळणार नाही याची खात्री करायची आणि मगच बटण दाबायचं. रिळात ३६ फोटो. ते पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये जाऊन परत येईपर्यंत काय उमटलं ते कळायचं नाही. अशा सवयीने काढलेल्या फोटोत काढणाऱ्याचा निर्णय गोठलेला असतो. तो बदलण्याचा अधिकार मला तरी संगणकाला द्यावासा वाटत नाही.

स्लाइड धुण्याची रीत कळली, की घाई का करायची हेही कळतं. गेली जवळजवळ पन्नास वर्षं जगभर रूढ असलेल्या ई-६ प्रक्रियेत पहिल्या डेव्हलपरमध्ये फिल्म ३८ अंशांवर साधारण ६ मिनिटं राहते. तापमान अर्धा अंश ढळलं तरी फोटोची उजळी बदलते. या टप्प्यावर तयार होते ती चांदीची, कृष्णधवल निगेटिव्ह. मग उरलेली फिल्म रसायनाने उलटवतात, रंगीत डेव्हलपर देतात, तेव्हा रंगद्रव्यं तयार होतात. शेवटी ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी धुऊन नेतात. हातातल्या स्लाइडमध्ये चांदीचा कणही उरत नाही. उरतात ते पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा असे रंगद्रव्यांचे तीन पातळ थर. आजोबांचा कृष्णधवल फोटो चांदीवर टिकून आहे. स्लाइड रंगावर टिकून आहे, आणि रंग उडतो. जुन्या एक्टाक्रोम फिल्मच्या कित्येक स्लाइडमध्ये निळसर-हिरवा थर आधी फिकटतो आणि सगळं चित्र तांबूस दिसू लागतं.

कोडॅक्रोमची गोष्ट निराळी. १९३५ साली बाजारात आलेली ही फिल्म लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकारांनी शोधून काढली. तिच्यात रंग घडवणारे घटक फिल्ममध्ये नसत, धुताना डेव्हलपरमधून घातले जात. त्यामुळे अंधारात ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग फार टिकाऊ. प्रोजेक्टरच्या झोतात मात्र ते लवकर विटतात. धुण्याची रीत इतकी गुंतागुंतीची, की ती मोठ्या प्रयोगशाळांनाच जमे. २००९ मध्ये कोडॅकने ही फिल्म बंद केली. शेवटच्या रिळांपैकी एक छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीने वापरलं; त्यातले काही फोटो मुंबईत हिंदी सिनेमातल्या कलाकारांचे आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो ही लॅब कोडॅक्रोम धुणारी शेवटची. तिनेही २०१० सरताना नवी रिळं घेणं थांबवलं. तेव्हा माळ्यावर न धुतलेलं कोडॅक्रोम सापडलं, तर त्यातून आता फार तर कृष्णधवल चित्र निघेल. ई-६ ची तशी स्थिती नाही. २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम कोडॅकने २०१८ मध्ये पुन्हा आणली आणि ती धुणारे लोकही आहेत.

या बाबतीत नगरवर निसर्गाने एक उपकार केला आहे, आणि एक अपकारही. आपण पर्जन्यछायेत राहतो, पाऊस नाही म्हणून रडतो. पण कोकणात आणि मुंबईत दमट हवेने स्लाइडवर बुरशी धरते, जिलेटिन खाऊन टाकते. इथे ती क्वचित आढळते. उलट एप्रिल-मे महिन्यांत स्लॅबखालचा माळा तापतो आणि उष्णतेने रंगद्रव्यं झिजतात. म्हणून डबा आजच माळ्यावरून खाली आणा आणि घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, आणि त्याबरोबर चित्रही.

आता वादाचा मुद्दा. भिस्तबाग महालाची माझी एक स्लाइड आहे, सावेडीची वस्ती तिथवर पोचण्याआधीची. मागे महाल, पुढे करडईचं शेत. करडईचं फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं, जुनं होताना केशरी-तांबूस होत जातं. त्यामुळे शेतातल्या पिवळ्या आणि तांबूस फुलांचं प्रमाण पाहून बहर किती पुढे गेला होता ते सांगता येतं. ही स्लाइड मी एका व्यावसायिकाकडून स्कॅन करून आणली. चित्र सुरेख दिसत होतं. आभाळ गडद निळं, शेताचा बांध हिरवागार, आणि फुलं सगळी एकाच पिवळ्या रंगाची. सॉफ्टवेअरला तांबूस छटा म्हणजे उडालेला रंग वाटला. त्याने ती ‘दुरुस्त’ केली. थंडीच्या अखेरीला नगरचा बांध हिरवा नसतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या व्यावसायिकाला दोष देत नाही. गिऱ्हाइकाला चकचकीत हवं असतं, म्हणून सगळीकडे हेच चालतं. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसून देते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. स्लाइड तरी कुठे खरं बोलते? व्हेल्विया फिल्मवर झाडं असतात त्याहून हिरवी दिसतात, कोडॅक्रोमवर लाल रंग बोलका होतो. मान्य. पण फिल्मचा हा कल ठाऊक असलेला आहे, आणि रिळातल्या प्रत्येक फोटोत सारखा आहे. रंग उडालेला असेल तर तोही साधारण सगळ्या रिळात एकाच दिशेने उडतो. त्यामुळे शेजारच्या फोटोतलं आभाळ, पांढरी भिंत, माणसाची कातडी पाहून तो हिशेब वजा करता येतो. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक फोटोला वेगळा न्याय लावतं आणि काय केलं ते सांगत नाही. कुठे ढवळाढवळ झाली हेच कळलं नाही, तर वजा काय करणार?

म्हणून माझा आग्रह असा. स्कॅन दोन करा. पहिला, स्लाइड प्रकाशपेटीवर जशी दिसते तसा. सगळ्या आपोआप सुधारणा बंद ठेवून, १६ बिटच्या टिफ फाइलमध्ये. ४००० डीपीआयला साधारण २ कोटी पिक्सेल मिळतात आणि घरगुती स्लाइडला तेवढे भरपूर झाले. दुसरा, हवा तर, रंग परत आणलेला, पण फाइलच्या नावात तसं लिहिलेला. धूळ काढायला हरकत नाही. ती ब्लोअरने आधीच उडवावी. उरलेली स्कॅनरची इन्फ्रारेड सोय ओळखते, कारण ते किरण रंगद्रव्यातून आरपार जातात आणि धुळीला अडतात. कोडॅक्रोमवर मात्र ही सोय फसते आणि चित्रातला तपशीलच पुसते. तिथे ती बंद ठेवावी. आणि चौकटीचाही फोटो घ्या. बऱ्याच चौकटींवर धुतल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं, कडेला कुणीतरी पेनाने गावाचं नाव लिहिलेलं असतं. ते गेलं तर चित्र पोरकं होतं.

हा घराघराचाच प्रश्न आहे असं समजू नये. १९३९ ते १९४४ या काळात अमेरिकी सरकारच्या छायाचित्रकारांनी काढलेले सुमारे १६०० रंगीत फोटो तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून सर्वांना मोफत खुले केले. त्यामुळे मंदीनंतरच्या त्या खेड्यांतली माणसं, त्यांचे कपडे, त्यांची शेतं आज रंगात दिसतात. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ म्हटला की डोळ्यांपुढे कृष्णधवल फोटो येतात. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतला नगर जिल्हा रंगीत आहे, पण तो डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर, गिर्यारोहक यांच्या माळ्यांवर विखुरला आहे. मुळा धरणाचा परिसर, रेहेकुरीचे काळवीट, निघोजचे रांजणखळगे, रतनवाडीचं मंदिर, आणि शेतं गिळण्याआधीची सावेडी.

आपल्या शहरात १८३८ पासूनचं जिल्हा वाचनालय आहे, ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, महानगरपालिका आहे. यांपैकी कुणीही एक बऱ्यापैकी फिल्म स्कॅनर आणि तो चालवणारा एक शिकवलेला माणूस ठेवावा. लोकांनी डबा घेऊन यावं, स्कॅन करून डबा परत न्यावा, एक प्रत तिथे राहावी. एका स्वागत-कमानीच्या खर्चात हे बसेल असा माझा अंदाज आहे. चुकीचा असेल तर पालिकेने खरा आकडा जाहीर करावा.

तोवर घरच्या घरी करण्यासारखं काम एकच आहे, आणि त्याला स्कॅनर लागत नाही. दिवाळीच्या साफसफाईत डबा निघाला, की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला उजेडात बसवा, एकेक स्लाइड दाखवा, आणि कोण, कुठे, कधी ते वहीत उतरवून घ्या. स्कॅन पुढच्या वर्षीही करता येईल. नावं सांगणारी माणसं पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.