अभ्यंग : विधी आणि निषेधही

दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल लागले की अनेक घरांत अभ्यंगाचा वर्षभराचा संबंध संपतो. वाग्भटाने मात्र ‘अष्टांगहृदया’त तो दिनचर्येतच घातला आहे, मस्तक, कान आणि पाय यांवर त्याचा विशेष भर.

वयोमानाने कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना, जुनाट कंबरदुखीला कोमट तिळतेलाचा हलका हात उतार देतो. आखडलेले स्नायू सैलावतात, झोप लागते. झिजलेली कूर्चा मात्र त्याने भरून येत नाही. तसे छातीठोकपणे सांगणाऱ्या जाहिराती दुर्लक्षिण्याच्याच योग्यतेच्या.

सांधा दुखला की तेल चोळावे, ही समजूतही आयुर्वेदाची नव्हे. आमवातात सांधे सुजून ठणकत असता वैद्य आरंभी तेल टाळतात आणि तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक देतात. अजीर्णातही वाग्भटाने अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. शास्त्राचा अभिमान मिरवणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ही निषेधाची बाजू ठाऊक असते?

एकाच पोटरीला अचानक सूज येऊन ती गरम लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. तेथे चोळणे नकोच. तेलाची वाटी बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जावे.