कॅप्टनचा पट्टा आणि आपली मुले

जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडल्या की महालातल्या गल्ल्यांत सकाळी साडेसहापासूनच ऑटो आणि व्हॅनची घाई सुरू होते. गांधी गेट, कोतवाली, बडकस चौक, जिकडे पाहावे तिकडे पोरे दप्तरासकट कोंबलेली. त्यातली बरीच वाहने सदर, अजनी, मोहननगरकडे जातात, कारण ख्रिस्ती मिशनच्या जुन्या शाळा त्या बाजूला आहेत. जुलै लागला की याच मुलांच्या तोंडी नवे शब्द येतात. हेड बॉय, हेड गर्ल, हाऊस कॅप्टन, प्रीफेक्ट. शाळेची विद्यार्थी परिषद निवडायचे हे दिवस.

आमच्या ओळखीच्या एका घरी याच विषयावर बोलणे निघाले. आठवीतली मुलगी म्हणाली, मला व्हाईस कॅप्टनला उभे राहायचे आहे. वडील म्हणाले, "अभ्यास कर. ते मोठ्या लोकांच्या पोरांचे काम आहे." आई गप्प बसली. वडिलांचे बोलणे वाईट हेतूचे नव्हते. फी भरता भरता ज्याची कंबर मोडते त्याला मार्कांपलीकडचे सारे फुकटचे वाटते. पण हे काम खरेच मोठ्या लोकांच्या पोरांचे आहे काय? या आठवड्यात आम्ही याचाच विचार करणार आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या नागपुरात दोन खोल्यांच्या बालवाडीलाही लोक कॉन्व्हेंट म्हणतात. पाटीवर कॉन्व्हेंट लिहिले म्हणजे ती शाळा चर्चची होत नाही. आणि मिशनच्या सगळ्या शाळाही एकाच पंथाच्या नाहीत. आपल्या महालात १८८३ साली जे हिस्लॉप कॉलेज सुरू झाले ते स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट मिशनचे. ते पुढे सिव्हिल लाईन्सला गेले. सदरचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स हायस्कूल, ज्याला सारे नागपूर एस.एफ.एस. म्हणते, ते १८७० सालचे आणि कॅथलिकांचे. ज्यांच्या नावाने ते आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७ ते १६२२) हे जिनिव्हाचे बिशप होते. त्यांच्या नावाने निघालेल्या फ्रेंच मिशनचे पहिले फादर १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले, आणि मध्य भारतातले कॅथलिक काम पुढे त्या मिशनने वाढवले. सांगायचे ते एवढेच की या शाळा काल-परवाच्या नाहीत. त्यांना रीत आहे, शिस्त आहे आणि मुलांच्या हाती काम सोपवायची जुनी सवय आहे.

ही सवय कशी चालते ते पाहा. शाळेतली सगळी मुले चार हाऊसमध्ये वाटली जातात. लाल, निळे, हिरवे, पिवळे. कुठे हाऊसला संतांची नावे असतात तर कुठे गुणांची. पहिलीतले पोर आणि दहावीतला दादा एकाच हाऊसचे. धावण्याची शर्यत, वक्तृत्व, चित्रकला, बागकाम, वर्गाची स्वच्छता या सगळ्याचे गुण हाऊसला मिळतात. एकाने घाण केली तर सर्वांचे गुण जातात आणि एक जिंकला तर सर्वांचे वाढतात. वर्गात मॉनिटर, हाऊसला कॅप्टन, शाळेला हेड बॉय आणि हेड गर्ल. मग एके दिवशी सर्व मुलांसमोर शपथविधी होतो. फादर किंवा सिस्टर मुलांच्या छातीवर बिल्ला लावतात, खांद्यावरून पट्टा घालतात, मुले हात पुढे करून शपथ घेतात. त्यानंतर वर्षभर प्रार्थनेच्या रांगा लावणे, डब्याच्या सुटीत लहानांवर लक्ष ठेवणे, स्नेहसंमेलनाची तयारी करणे, जवळच्या वृद्धाश्रमाला भेट द्यायची असेल तर त्याची जमवाजमव करणे ही सारी कामे याच मुलांकडे.

गंमत म्हणजे मॉनिटरची ही कल्पना निव्वळ विलायती नव्हे. १७८९ नंतर मद्रासच्या एका अनाथालयाच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाचे पाद्री काम करीत होते. मलबारी मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवतात आणि मोठे मूल लहानाला शिकवते, हे त्यांनी पाहिले. ती पद्धत त्यांनी आपल्या शाळेत चालवली, विलायतेत नेली आणि तिथे ती गाजली. म्हणजे इथल्याच पाठशाळेतली रीत साहेबाच्या बोटीतून परत आली. फरक एवढाच की त्या जुन्या पाठशाळेच्या ओट्यावर आपल्या पूर्वजांना पाय ठेवता येत नव्हता. मिशनच्या शाळेत ठेवता आला.

पण तिथेही सारे सरळ नव्हते. आमच्या तरुण वाचकांनी जाईबाई चौधरींचे नाव ध्यानात ठेवावे. १८९२ साली उमरेडला जन्मलेल्या या बाई नागपूर ते कामठी ओझी वाहून पोट भरीत. मिशनच्या ग्रेगरी नावाच्या बाईंची त्यांच्यावर नजर गेली. जाईबाई लिहायला-वाचायला शिकल्या आणि मिशनच्या शाळेत महिना ४ रुपयांवर शिक्षिका झाल्या. पुढे वरच्या जातीच्या पालकांना कळले की बाई महार आहेत. त्यांनी मुले काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली. मिशनने दार उघडले खरे, पण गावाने ते ढकलले आणि मिशनला ते धरून ठेवता आले नाही. जाईबाई रडत बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरातच मुलींसाठी संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली तेव्हा जेवणाच्या पंगतीत त्यांना बाजूला बसवून अपमान करण्यात आला. १ जानेवारी १९३८ रोजी आपल्या महिलांनी त्याविरुद्ध निषेधाची सभा घेतली. वर्गात उभे राहून चार वाक्ये नीट बोलता आली की माणूस कुठवर जातो ते यावरून दिसते.

आता आजच्या शाळेकडे वळू. कॅप्टन कसा निवडतात? प्रत्येक शाळेची तऱ्हा निराळी. काही ठिकाणी शिक्षक बसून नावे ठरवतात. काही ठिकाणी मुलाखत असते. काही ठिकाणी शिक्षक तीन-चार नावे काढतात आणि मुले चिठ्ठीवर मत देतात. हल्ली मशीनसारखे बटन दाबूनही मतदान घेतात. प्रत्येक उमेदवाराला दोन मिनिटे बोलायला मिळते, आणि आपली मुले अडतात ती इथेच. दोन मिनिटे इंग्रजीत बोलायचे असते. घरी ज्याचा बाप इंग्रजी बोलतो त्याचे पोर घडाघडा बोलते, आणि गुणी असूनही आपले पोर खाली पाहते. मग ज्याला बोलता येते तोच पुढारी ठरतो. लहान पोराचे गुडघे पुसणारी, डबा न आणलेल्याला आपल्यातली अर्धी पोळी देणारी मुलगी मागे राहते.

याला शाळेने उपाय करावा आणि पालकांनी तो मागावा. निवडीत वर्षभराच्या कामाचे गुण धरा, मुलांना आपल्या भाषेतही बोलू द्या, पदे दरवर्षी त्याच चार घरांत फिरू देऊ नका, एवढी मागणी नम्रपणे करता येते. पण मागायचे कुठे? याचे उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे खाजगी शाळेत वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा. प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. कार्यकारी समिती मर्जीने नेमायची नसून इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. त्यात निम्म्या महिला हव्यात आणि मागास व अल्पसंख्याक गटांनाही आळीपाळीने जागा आहे. चिठ्ठीला इंग्रजी येत नाही आणि चिठ्ठी गाडीही पाहत नाही. तरी आपले किती पालक त्या सभेला जातात? सुटी नाही म्हणून आम्ही कारकून जात नाही, आणि बोलता येणार नाही म्हणून घरची बाई जात नाही. मग पोराला मात्र म्हणायचे की धीट हो!

दुसरा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. शाळेत येशूची प्रार्थना होते, आपल्या मुलाने काय करावे? याचेही उत्तर संविधानात आहे. कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. म्हणूनच बहुतेक कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो आणि इतरांना नीतिशिक्षणाचा. इतरांची प्रार्थना चालू असता शांत उभे राहणे हे सभ्यपणाचे लक्षण आहे. त्यात आपला धम्म बुडत नाही. खुद्द कॅथलिक बिशपांच्या भारतीय परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना केल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि रोज सकाळी संविधानाची उद्देशिका वाचा, असे त्यांत सांगितले आहे. हे वाचून आम्हाला आपल्या नागपूरचा अभिमान वाटला. कारण २००५ साली नागपूर जिल्हा परिषदेचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत उद्देशिका वाचण्याचा पायंडा पाडला होता. खेड्यातल्या कौलारू शाळेत जे आधी सुरू झाले त्याची शिफारस आज देशभरच्या कॅथलिक शाळांना होते आहे. ही उद्देशिका पुढे होऊन वाचण्याचे काम विद्यार्थी परिषदेचे असते. आपल्या मुलाने ते मागून घ्यावे.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यातली २५ टक्के गरीब मुलांची जागा या शाळांना बंधनकारक नाही. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०२५ साली या निकालाविषयी शंका काढून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याचे सुचवले. तेव्हा गरिबाच्या पोराला प्रवेश मिळणे आजही शाळेच्या मनावर आणि बापाच्या खिशावर आहे. कॅथलिक शिक्षण धोरणात गरीब आणि दलितांना अग्रक्रम द्यावा असे लिहिले आहे. कागदावरचे वर्गात उतरले की नाही हे विचारायचा हक्क पालकांना आहे. आणि ज्यांना आत जागा मिळाली त्यांनी मागच्या बाकावर अंग चोरून बसू नये, हे त्याहून महत्त्वाचे.

महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. त्यानंतर वाढलेल्या कितीतरी मुलांनी अठरा वर्षांचे होण्याआधी मत दिले असेल तर ते शाळेतच. उमेदवार होणे, हरणे, हरल्यावर जिंकलेल्याचा हात धरणे हे शिकायला दुसरी जागा नव्हती. बाबासाहेबांना याचे महत्त्व ठाऊक होते. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि जानेवारी १९५० मध्ये त्या संसदेपुढे ते स्वतः हिंदू कोड बिलावर बोलले. देशाचा कायदामंत्री पोरांच्या संसदेला वेळ देतो, आणि आपण म्हणतो की अभ्यास सोडून हे काय!

मग घरी काय करावे? मुलाला दोन मिनिटांचे भाषण आधी मराठीत लिहू द्या. मी निवडून आलो तर कोणती तीन कामे करीन, एवढेच त्यात असावे. मग ते शिक्षकांकडून इंग्रजीत नीट करून घ्या. पाठ झाले की रविवारी विहारात वंदनेनंतर सर्वांपुढे म्हणायला लावा. आपल्या माणसांत चुकले तर कोणी हसणार नाही आणि हसलेच तर तिथेच सवय होईल. विहारातल्या मुलांचेही हाऊससारखे गट करता येतील. चटया घालणे, पुस्तकांची पेटी सांभाळणे, लहानांना पाढे शिकवणे ही कामे महिन्या-महिन्याने बदलून द्यावीत. मुलीला आणि मुलाला सारखीच. पट्टा नको, बिल्ला नको, वहीत नाव पुरे.

आणि मूल निवडून आले तर त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. प्रीफेक्ट म्हणजे फादरचा हवालदार नव्हे. कोण बोलले याची नावे फळ्यावर लिहिणे सोपे असते. ज्याचे बूट फाटके म्हणून इतर चिडवतात त्याच्या बाजूला उभे राहणे कठीण असते, आणि कॅप्टन त्यासाठीच असतो. निवडून आले नाही तर त्या दिवशी घरी नेहमीसारखेच जेवण होऊ द्या. पुढच्या वर्षी पुन्हा जुलै येतो.

त्या आठवीतल्या मुलीच्या वडिलांना आम्ही एवढेच म्हटले की भाऊ, मुलीने तुमच्याकडे पैसे मागितले नाहीत, सही मागितली आहे. शाळेचा कागद घरी आला असेल तर तुम्हीही या आठवड्यात सही करून पाठवा.