खोट्या भोंग्याचा दंड कोणी भरावा?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद शेडमधला चोरीचा सायरन रात्री दोन वाजता वाजू लागला, असे समजा. रुईच्या बाजूची माणसे कूस बदलतात. शेजारच्या कारखान्याचा पहारेकरी ‘तो वाजतोच’ म्हणून जागचा हलत नाही. मालक पुण्याला झोपलेला असतो. बहुधा मांजरच असते. पण त्या रात्री खरोखर चोर असला तर?

थोडे गणित करू या. अशा १०० शेड आहेत आणि प्रत्येक सायरन १०० रात्रींतून एकदाच चुकतो, असे धरा. यंत्र चांगलेच म्हणायचे! पण १०० शेडच्या वर्षभरात ३६,५०० रात्री होतात, म्हणजे ३६५ खोट्या हाका. खऱ्या चोऱ्या ५ झाल्या, तर एकूण ३७० हाकांपैकी ५ खऱ्या, म्हणजे ७४ मध्ये एक. पहारेकरी आळशी आहे असे म्हणू नका. तो नकळत हेच गणित करीत असतो. आता यंत्र १००० रात्रींतून एकदाच चुकेल असे केले, तर साधारण दर आठवी हाक खरी ठरेल. मग तो धावत जाईल.

यंत्र चुकते का? कारण त्यातला संवेदक चोराला ओळखतच नाही. आपल्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात. त्यांची तरंगलांबी साधारण १० मायक्रोमीटर असते. संवेदकात दोन तुकडे शेजारी शेजारी बसवलेले असतात. आजूबाजूपेक्षा गरम वस्तू एकासमोरून दुसऱ्यासमोर सरकली, की दोघांवर पडणाऱ्या किरणांत फरक पडतो आणि सायरन वाजतो. भिंगावरून पाल चालली तरी त्याला तेवढे पुरते. बारामतीचा उन्हाळा तर त्याला चांगलाच गोंधळात टाकतो. पत्रा आणि भिंत अंगाइतकी तापली, की त्याला माणूस वेगळा दिसेनासा होतो. म्हणून कारागीर त्याची संवेदनक्षमता वाढवून ठेवतो. थंडी पडल्यावर ती कमी करायला कोणी येत नाही, आणि तेच यंत्र मांजराला चोर ठरवते.

यावर उपाय आहे. अवरक्त आणि सूक्ष्मतरंग असे दोन्ही संवेदक असलेली यंत्रे मिळतात. दोघांचे एकमत झाले तरच ती वाजतात. पण ती महाग असतात. स्वस्त यंत्र लावणाऱ्याचे पैसे वाचतात आणि झोप दुसऱ्यांची मोडते. माझा आक्षेप आहे तो इथे.

विनाकारण हाक मारणाऱ्याला दंड ही कल्पना आपल्याला नवी नाही. दौंड-बारामती गाडीत पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढली, तर १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार १००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सायरनचे मात्र तसे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा ७० आणि निवासी भागासाठी ४५ डेसिबल आहे. पण हे नियम आवाज मोजतात, हाक खरी की खोटी हे पाहत नाहीत. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या अशा हाकांपैकी १०० मध्ये ९४ ते ९८ खोट्या निघत, असे तिथल्या न्याय खात्याच्या २००२ सालच्या पुस्तिकेत म्हटले आहे. तिथल्या अनेक नगरपालिका पहिल्या काही चुका माफ करून पुढे शुल्क घेतात. सॉल्ट लेक सिटीने डिसेंबर २००० पासून वेगळाच मार्ग धरला: आधी कोणीतरी डोळ्यांनी खात्री करावी, मगच पोलीस निघतील. त्यानंतर पोलिसांच्या अशा फेऱ्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्या.

बारामतीतही असे शुल्क असावे, असे मला वाटते. वर्षातल्या दोन चुका माफ, तिसरीपासून शुल्क, आणि तेही यंत्राच्या दुरुस्तीपेक्षा जास्त. नाहीतर मालक शुल्क भरून मोकळा होईल. वसाहतीचे रस्ते आणि पाणी पाहणाऱ्या औद्योगिक विकास महामंडळाकडेच हे काम असावे.

मात्र आग आणि वायुगळती यांच्या भोंग्यांना हे शुल्क कदापि लावू नये. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सुटला, त्या रात्री लोकांसाठीचा भोंगा थोडाच वेळ वाजवून बंद केला गेला. किरकोळ गळतीने वस्तीने उगाच घाबरू नये, अशी त्या कारखान्याची पद्धत होती. भोंगा पुन्हा मोठ्याने वाजला तो दोनच्या सुमारास, आणि तोवर वायू घराघरांत शिरला होता. बटणावर बोट ठेवलेल्या माणसाच्या मनात दंडाचा विचार एक क्षणही येता कामा नये. अशा भोंग्याची चूक झाली तर ठरल्या मुदतीत दुरुस्ती सक्तीची करावी, एवढेच.

शुल्क किती, हे नोंदीशिवाय ठरणार नाही, आणि नोंद ठेवायला पैसे लागत नाहीत. वसाहतीजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी घरी ऐकू येणाऱ्या सायरनची महिनाभर नोंद ठेवावी. वहीत चार रकाने आखा: तारीख, वेळ, किती मिनिटे वाजला, आणि कोणी पाहायला गेले का. शेवटच्या रकान्यात ‘नाही’ किती वेळा आले, ते मोजून शिक्षकांना दाखवा.