भुयाराचे दुसरे तोंड

गुप्तता म्हणजे काळेबेरे, हा समज आम्हांस घातक वाटतो. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यातून परवलीचे शब्द चोरले गेले, ते उघडे वाहत होते म्हणून. त्यावर उपाय म्हणून तातू यलोनेन यांनी ‘एसएसएच’ रचले. एका ओळीच्या आज्ञेने आपल्या यंत्रावरील पोर्ट दूरच्या सर्व्हरशी कूटबद्ध भुयाराने जोडता येते. वाटेवरच्या कोणास आतला मजकूर वाचता येत नाही. मात्र सर्व्हरपाशी भुयार संपते. पुढच्या वाटेस त्याचे संरक्षण नाही. पत्र पाकिटात घालणाऱ्यावर आपण संशय घेत नाही. मग भुयार खणणाऱ्यावर का घ्यावा? विचारायचेच तर एवढे विचारावे: त्याच्या दुसऱ्या तोंडाशी कोण उभे आहे?