संकेतस्थळाचा गज

देशातील व्यवसाय नव्या काळास कितपत सिद्ध झाले आहेत हे त्यांच्या संकेतस्थळांवरून मोजण्याचा प्रघात युरोपात रुजला, त्यास कारण आहे; तेथील सांख्यिकी खाते ही विचारणा दहा वा अधिक माणसे कामास असलेल्या व्यवसायांकडेच करते. तोच गज घेऊन कोणी सेलूच्या मोंढ्यात उतरला, तर मालक, मुनीम आणि दोन हमाल एवढाच पसारा असलेली अडत त्याच्या फर्दीत चढणारच नाही. परंतु त्याच दुकानात गादीशेजारी, खतावणीला टेकवून, क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो, आणि कापसाचा भाव पुकारला जातो न जातो तोच व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचलेला असतो. केंद्र सरकारच्या असंघटित बिगरशेती व्यवसायांच्या २०२३-२४ च्या पाहणीत आंतरजाल वापरणाऱ्या आस्थापना २६.७ टक्के भरल्या. आदल्या वर्षी त्या २१.१ टक्के होत्या. ही वाढ बहुतांशी खिशातल्या फोनची असावी, असा आमचा तर्क आहे.

मग गज मोडून टाकावा काय? आम्ही तसे म्हणणार नाही. व्हॉट्सॲपवरचा भाव गटातल्यांपुरता, आणि पुठ्ठा पैसे घेतो, कैफियत ऐकत नाही. कोइमतूरच्या सूतगिरणीतील खरेदीदारास सेलूची गाठ हवी असेल, तर धाग्याची लांबी आणि ओलावा त्याने कोठे पाहावा? संकेतस्थळ असलेल्या कंपनीने पहिल्याच पानावर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, दूरध्वनी आणि तक्रार ऐकणाऱ्याचे नाव द्यावे, असा २०१४ च्या नियमांचा दंडक आहे, तो याचसाठी. त्याच वर्षी देवनागरीत ‘.भारत’ हा पत्ताही उपलब्ध झाला. तरी दुकानावरची पाटी मराठीत आणि संकेतस्थळ इंग्रजीत, ही आमची रीत काही सुटली नाही.

परवा मराठवाड्यातील एका जिनिंगचे पान आम्ही उघडले. त्यावर सात वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा अद्याप झळकत होत्या, आणि दिलेला क्रमांक अस्तित्वातच नव्हता. फर्दीत मात्र हा व्यवसाय ‘सिद्ध’, आणि खतावणीला पुठ्ठा टेकवणारा ‘असिद्ध’! मोजणाऱ्या मंडळींनी पान आहे एवढी खूण करून पुढे जाऊ नये. त्यावरचा क्रमांक एकदा फिरवून पाहावा. तोही ऐन हंगामात, सौदे रंगात आलेले असताना.